शाळेत मला मावशी म्हणायचं

सानिका ताटल्यांची चळत छातीशी धरून मोरीपाशी आली. भेळेची चटणी तिच्या गणवेशावर सांडली होती. मागं वळून तिनं मॅडमकडं पाहिलं आणि मग मला म्हणाली, "मावशी, ह्या घासायच्यात."

ती माझी पोटची पोरगी. दुसरीत होती.

शाळेचा नियमच तसा होता. मी तिथं कामाला होते. वर्ग झाडायचे, पाणी भरायचं, लहान पोरांना मुतारीला न्यायचं. सगळी पोरं मला मावशी म्हणायची. सानिकाला त्याच शाळेत सरकारच्या नियमातली मोफत जागा मिळाली तेव्हा मॅडमनी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं, "शाळेत आई म्हणायचं नाही. बाकीच्या मुलांचा गोंधळ होतो." मी मान डोलावली. बारामतीतली इंग्रजी शाळा. बाहेर मोठमोठ्या गाड्या थांबायच्या. पोरगी आत बसली हेच खूप वाटायचं.

त्या शनिवारी जीवनकौशल्याचा तास होता. पोरांना घरातली कामं यावीत म्हणून शाळेनं तो नवीन काढला होता. पोरांनी कापडी एप्रन घातले, चुरमुऱ्यात कांदा-टोमॅटो कालवला, मॅडमनी फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकले. सानिकाला एप्रन आला नाही. कमी पडले म्हणे. भेळ खाऊन झाली आणि मॅडम म्हणाल्या, "सानिका, तुला सवय आहे ना भांड्यांची? तू मावशींना मदत कर."

सवय आहे, हे त्यांना सानिकानंच सांगितलं होतं. काही दिवसांमागं वर्गात विचारलं होतं, घरी कोण कोण काम करतं? हिनं सगळ्यात आधी हात वर केला. मी भाकरी थापते, मी ताट धुते, मी वाकळेची घडी घालते. घरी येऊन किती हौसेनं सांगत होती मला.

मीच शिकवलं होतं तिला. तिला आणि तिच्या भावाला, सुशांतला, दोघांना सारखंच. ज्याचं ताट त्यानं उचलायचं. पोरगं म्हणून सूट नाही. सुशांत तांदूळ निवडायचा, केर काढायचा. सानिका परातीपुढं मांडी घालून बसायची आणि तळहाताएवढी भाकरी थापायची. एका बाजूनं जाड, एका बाजूनं फाटलेली. तिचा बाप कंपनीतून आला की तीच आधी मागायचा. "माझ्या मालकिणीची भाकर कुठाय?" म्हणायचा. ती लाजायची आणि लगेच दुसरी थापायला घ्यायची.

त्या दिवशी मोरीपाशी आम्ही दोघी उकिडव्या बसलो. मी घासत होते, ती विसळत होती. आत पोरं गाणं म्हणत होती. सानिकाला ते गाणं पाठ होतं. ती तोंडातल्या तोंडात म्हणायला लागली, मग थांबली.

मी पुढची ताटली घासायला घेतली.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, कळंबकडचं. आमची वस्ती गावाच्या कडेला. गावच्या शाळेत झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी पटांगण झाडायला आमच्याच वस्तीतल्या पोरी लागायच्या. बागायतदारांच्या पोरी फळ्यावर नक्षी काढायच्या. एकदा मी गुरुजींना विचारलं, आमीच का? गुरुजी म्हणाले, "तुमच्या हाताला सवय हाय." घरी येऊन आईला सांगितलं. ती उसाच्या बांधणीवरून आली होती, पाय धूत होती. म्हणाली, "झाड आन् गप ऱ्हा." माझ्या आईनं मला सगळी कामं शिकवली. त्यात गप बसायचं हेही एक काम होतं. ते मला सगळ्यात चांगलं जमलं.

त्या शनिवारी संध्याकाळी जेवण झालं आणि सानिका ताट तसंच ठेवून उठली.

सुशांत म्हणाला, "ए सानू, ताट उचल की."

"मी न्हाय उचलणार."

"का गं?" मी विचारलं.

ती भिंतीकडं तोंड करून बसली. तशीच म्हणाली, "रिद्धी म्हणली, तू मोठी झाली की आमच्या घरी ये कामाला. तुला छान येतं."

रिद्धी तिच्या शेजारी बसणारी. डब्यातला खाऊ देणारी. तिनं काही वाईट मनानं म्हटलं नसणार. तिला दिसलं ते ती बोलली.

"मला मावशी व्हायचं न्हाय," सानिका म्हणाली.

माझ्याकडं बघून म्हणाली नाही. तेवढी तिला समज होती.

दुसऱ्या दिवशी मी परात पुढं ओढली, पीठ मळलं, तिला हाक मारली. ती आली नाही. बाप म्हणाला, "आज मालकिणीचा संप हाय व्हय?" ती रडायला लागली. नंतर मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गप ऱ्हा. फुकट शिकतीय पोरगी. तुझं बी काम हाय तितं." त्याचं चुकत नव्हतं. पण मी माझी भाकरी तशीच झाकून ठेवली.

सोमवारी मी मॅडमना एकटं गाठलं. हळूच म्हटलं, "मॅडम, सानिकाला तेवढं भांड्याला नका लावू."

त्या हसल्या. चांगल्या होत्या तशा बोलायला. "अहो मावशी, श्रमप्रतिष्ठा म्हणतात याला. कुठलंही काम कमी नसतं."

"मग बाकीची पोरं?"

"त्यांचे पालक तक्रार करतात हो. तुम्हाला तर कळतंच."

मला कळत होतं. तेच तर दुखत होतं. कांदा चिरणं, बटण लावणं, सरबत ढवळणं हे त्यांच्या पोरांचं कौशल्य. उष्टं काढणं ही माझ्या पोरीची सवय. एकाच तासात, एकाच वर्गात दोन शाळा भरत होत्या.

पुढच्या शनिवारी पालकांना बोलावलं होतं. पोरांनी लिंबू सरबत केलं. कुणी लिंबू पिळलं, कुणी साखर घातली. आयाबाप टाळ्या वाजवत होते. मी दाराशी बादली घेऊन उभी होते. सरबत पिऊन झालं आणि मॅडमनी नुसतं सानिकाकडं बघितलं. नाव पण घ्यावं लागलं नाही. ती उठली. ट्रे घेतला आणि ग्लास गोळा करायला लागली. मान खाली. एक गृहस्थ फोनवर बोलत होते. त्यांनी बोलता बोलताच ग्लास तिच्या ट्रेमध्ये ठेवला. ट्रे कलंडला. सरबत तिच्या हातावर सांडलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. जसं काही तिथं टेबल होतं.

मी बादली खाली ठेवली. आत गेले. तिच्या हातातला ट्रे काढून घेतला.

"माझी लेक ग्लास धुणार न्हाय."

मॅडम जवळ येऊन कुजबुजल्या, "मावशी, आत्ता नको. पालक आहेत."

"मी बी पालकच हाय," मी म्हटलं. "मी सानिकाची आई हाय. ज्यानं पिला त्यानं धुवावा. माझी लेक तिचा धुईल. तिला येतं."

कुणी हललं नाही. माझा आवाज फाटला होता. मागून एक बाई म्हणाल्या, "मुलांना गार पाण्यानं सर्दी होईल हो." त्यांच्या पोरांना सर्दी होणार होती. माझ्या पोरीला होत नव्हती.

मला वाटलं होतं सानिका मला बिलगेल. तसं झालं नाही. सगळा वर्ग तिच्याकडं बघत होता. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आई, जा ना," म्हणाली. "जा ना तू."

शाळेत तिनं मला पहिल्यांदा आई म्हटलं, ते असं.

मोठ्या मॅडमनी ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली नाही. "तुमचं वागणं शिस्तीत बसत नाही. सोमवारपासून येऊ नका." मी विचारलं, "आन् सानिका?" त्या म्हणाल्या, "तिचं काही नाही. सरकारचा नियम आहे." नियम नसता तर काय झालं असतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मग सानिकाकडून कळलं. तास चालू आहे. शाळेनं कागदी ताटल्या आणि कागदी ग्लास आणलेत. त्यांच्या लेकरांच्या हातात घासणी द्यायची वेळ आली, तर भांडीच बदलली.

आता मी पणदऱ्याच्या रोपवाटिकेत जाते. दिवसभर ट्रेमध्ये माती भरायची, उसाच्या कांडीचे डोळे लावायचे. पाठ मोडते. नवरा बरेच दिवस बोलत नव्हता. सानिका अजून ताट उचलत नाही. परात बघितली की बाहेर जाते. तिचं ताट कधी मी उचलते, कधी सुशांत उचलतो. मी तिला दटावत नाही. जे मी वर्षानुवर्षं मायेनं शिकवलं होतं ते त्यांनी एका तासात नासवलं. ते परत येईल का, मला माहीत नाही. रात्री ती झोपली की तिचे हात बघत बसते.

पण पालकसभा असली की मी कामावरून थेट जाते. साडीला माती असते, असू दे. पहिल्या रांगेत बसते. मागच्या सभेला सानिका माझ्याजवळ आली नाही, लांब मैत्रिणीपाशी बसली. एक बाई सवयीनं मला म्हणाल्या, "मावशी, जरा पाणी आणता का?"

"पाणी बाहेर हाय. घ्या," मी म्हटलं आणि बसून राहिले.

आठवीपर्यंत माझ्या लेकीची जागा तिथं आहे. तोवर प्रत्येक सभेला मी त्या खुर्चीत बसणार. तिला लाज वाटली तरी बसणार. कुणासाठी उठणार नाही.