विमा नाही, म्हणून गाडी दारातच राहिली

मंडळी, आजचं कोणाला तरी सांगायलाच हवं.

यंदा, १९४६ सालापासून, मोटारीला विमा सक्तीचा झालाय. सकाळी नगरला विमा एजंटाकडे गेलो. माझ्या लायसनवर वेगाबद्दल पोलिसांचे दोन शेरे आहेत. ते बघून तो म्हणाला, "तुम्ही चालवणार असाल तर विमा मिळणार नाही."

"अहो, माझी बायको रूथ नर्स आहे. दोन्ही वेळा तिला अडलेल्या बाईकडेच नेत होतो."

"शेऱ्यात तसं लिहिलेलं नाही. दुसरा ड्रायव्हर आणा."

भिंगारला घरी पोचलो, तर जवळच्या वाडीतला शेतकरी बैलगाडी घेऊन दारात उभा. "दादा, मोटार काढा. बायकू अडलीया, लई हाल हायत."

मी किल्ली उचलली. रूथनं ती हातातून काढून घेतली. "विम्याशिवाय पकडलं तर लायसनच जाईल. मग पुढच्या बायकांकडे मला कोण नेणार?" असं म्हणून ती बैलगाडीत जाऊन बसली.

आत्ताच परतली. बाई वाचली, बाळ गेलं.

"थोडं आधी पोचले असते तर..." एवढंच बोलली.

लायसनबद्दलचं तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी विचारतो, मी ती किल्ली परत हिसकावून घ्यायला हवी होती का?