मालाडहून आणलेला पंप

तुमच्या आजोबांच्या काळ्या गाडीचा फोटो तुमच्या घरात लावलेला आहे. ती गाडी मी कशी वाचवली हे तुमची आई कौतुकाने सांगते. ती सांगते तेवढं खरं आहे. बाकीचं मी तिलाही सांगितलेलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंधेरीला राहत होतो. गाडी तुमच्या पणजोबांची, विलायती. तिचा वॉटर पंप फुटला आणि ती आठ महिने सोसायटीच्या आवारात उभी राहिली, कारण पंपाशिवाय इंजिन पाच मिनिटांत तापायचं. अखेर सोसायटीची नोटीस आली: महिनाअखेरपर्यंत गाडी चालू झाली नाही, तर भंगारात काढावी लागेल. तुमच्या आजोबांनी नोटीस वाचून घडी घालून खिशात ठेवली. ऑफिसला जाण्याआधी रोज गाडी पुसत, तशी त्या दिवशीही पुसली. ते मला बघवलं नाही.

मी शिस्तीची बाई. वहीत दुकानांची यादी केली आणि एकेकावर फुली मारत गेले. कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याने फुटका पंप बघून हातच जोडले. "मावशी, याचा जोडीदार आता म्युझियममध्ये!"

शेवटी वाकोल्याचा एक मिस्त्री उरला. पंप हातात फिरवत तो म्हणाला, "मालाडला एका अंकलकडे सेम गाडी आहे. म्हणजे, अंकल गेले रविवारी. मॅडम, जायचं तर लगेच जा. भंगारवाले पोचायच्या आत."

मी गुरुवारी गेले. पांढरी साडी नेसून, पिशवीत फुटका पंप घेऊन.

जुन्या गावठाणातलं ख्रिस्ती घर होतं. अंगणात ताडपत्रीखाली गाडी. मी आधी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. शाळेत आम्हाला इंग्रजीत सांत्वनपत्रं लिहायला शिकवली होती. त्यातली वाक्यं मी बसमध्ये मराठीत जुळवून ठेवली होती. पण त्या बाईंनी "कोण तुमी?" विचारलं, आणि पंपासाठी आले असं म्हणायला जीभ रेटेना.

"आमचे हे आणि तुमचे मिस्टर ओळखीचे होते," मी म्हणाले. "गाडीमुळे."

त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, मेणबत्ती लावलेल्या फोटोसमोर बसवलं. थोरल्या मुलाला हाक मारली. "ये रे, पप्पाच्या दोस्ताची बायको आली!" मग माझ्याकडे वळल्या. "बोल ना बाय. कुठं भेटले ते? काय बोलायचा तो?"

मी त्या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतं. फोटोत जाड मिशा होत्या, एवढीच माहिती.

"खंडाळ्याच्या घाटात आमची गाडी तापून बंद पडली," मी सांगू लागले. "कोणी थांबेना. ते थांबले. स्वतःचं प्यायचं पाणी होतं, तेच आमच्या रेडिएटरमध्ये ओतलं. आणि इंजिन गार होईपर्यंत आमच्याबरोबर उन्हात उभे राहिले."

"हा? पाणी दिला? घरात एक गिलास भरून कदी घेतला नाय यानं!" त्या हसल्या, आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. "मी नव्हते ना गाडीत?"

"नाही."

"मंग कोण होती?" फोटोकडे बोट करून त्यांनी दटावलं. "सांग ना रे, कोणाला फिरवत होतास?" मुलगाही हसला. मग म्हणाला, "आई, हे मला परत सांगायला लाव ना त्यांना." मी परत सांगितलं. दुसऱ्या वेळी तर ते जास्त चांगलं जमलं.

निघताना मी पंपाचं विचारलं. अगदी सहज आठवल्यासारखं. त्यांनी मुलाला तिथल्या तिथे पाने-पक्कड घेऊन पंप काढायला अंगणात पाठवलं. मी पर्स उघडली तर रागावल्या. "दोस्ताकडून कोण पैसे घेतो?" जाताना माझा पत्ता लिहून घेतला.

गाडी महिनाअखेरच्या तीन दिवस आधी सुरू झाली. आजोबांनी आवारात दोन फेऱ्या मारल्या, वरून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंप कुठे मिळाला, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी कुर्ला म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्यांनी तो काढून परत नेऊन दिला असता. मी त्यांना पुरतं ओळखत होते, म्हणूनच बोलले नाही.

मग मालाडहून त्या बाईंचं पोस्टकार्ड आलं. चर्चमध्ये ह्यांच्यासाठी महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना आहे, तुमच्या मिस्टरांनी येऊन दोन शब्द बोलावेत. ते मी आजोबांच्या हाती पडू दिलं नाही. जायचं नाही असं ठरवलं होतं; तरी गेले, एकटीच. हे फिरतीवर आहेत, अशी आणखी एक थाप मारली.

चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले होते. त्या बाईंनी उठून येऊन मला पुढे, आपल्याशेजारी नेऊन बसवलं. मिस्सा झाल्यावर मुलगा बोलायला उभा राहिला. वडिलांविषयी फार थोडं बोलला, आणि त्यातलं निम्मं घाटातल्या पाण्याविषयी होतं. लोक हळूच एकमेकांकडे बघून मान हलवत होते. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, "असाच होता तो."

बाईंनी माझा हात घट्ट धरला होता. माझ्या कानाशी येऊन त्यांनी विचारलं, "बराबर सांगला ना त्यानं? काय राहिला नाय ना?"

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "काही राहिलं नाही."