माझे साडू आणि चौथी जागा

माझ्या साडूंवर माझ्या हातून एक अन्याय झाला, हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर त्यांच्या गमती सांगता सांगता मी ते सोयीनं विसरेन. आणि अन्याय झाला तोही अशा माणसावर, की ज्याच्या मते जगातले यच्चयावत अन्याय बाद फेरी नीट न आखल्यामुळे होतात. युद्धं, भाऊबंदकी, ऑफिसातल्या बढत्या, काहीही सांगा, साडू थोडा वेळ डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "माणसं वाईट नसतात हो. पद्धत वाईट असते." पुढे याच वाक्यानं माझी पंचाईत केली.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो, ते मला 'धाकटे' म्हणतात. आता ते दोघं पुण्याला परत गेलेत, पण त्या काळात तेही आमच्यासारखे इथं, या परदेशी बेटावर होते. ते क्लेमेंटी नावाच्या वस्तीतल्या एका जुन्या ब्लॉकमध्ये राहायचे आणि आम्ही दुसऱ्या टोकाला, ईस्ट कोस्टच्या काँडोत, म्हणजे खासगी सोसायटीत. गोदामात कुठला माल कुठं ठेवायचा हे ठरवणारं सॉफ्टवेअर लिहिणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. उरलेला सगळा वेळ ते जगात समतोल आणण्यात घालवत. उदाहरणार्थ, एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो. आधीच्या बून ले स्टेशनवर चढणाऱ्याला बसायला जागा मिळते, क्लेमेंटीला चढणाऱ्याला कधीच मिळत नाही, आणि यात क्लेमेंटीकराचा काडीचा दोष नसतो. यावर त्यांचा तोडगा असा होता, की मधल्या एका स्टेशनवर सगळ्यांनी एकदा उठून उभं राहावं आणि नव्यानं सुरुवात करावी. हा तोडगा त्यांनी एकदा उभ्या उभ्या समोर बसलेल्या चिनी आजोबांना समजावून सांगितला. आजोबा घाबरून उठले आणि आपली जागा त्यांना देऊ लागले. साडूंनी ती नाकारली. "मला जागा नकोय, मला पद्धत हवीय," असं ते त्या आजोबांना इंग्रजीत म्हणाले. आजोबा पुढच्याच स्टेशनवर उतरले.

या सगळ्याचं मूळ अमेरिकेत होतं. तरुणपणी साडू तिकडे एका लहानशा, थंडगार गावातल्या कॉलेजात एमएस करायला गेले होते. तिथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडू पोटाशी धरून धावतात तो. त्यातही व्यावसायिक संघांचा नव्हे, कॉलेजांचा. पण त्याला माणसं लोटतात एखाद्या जत्रेसारखी. कॉलेजं शंभराहून जास्त, प्रत्येकाच्या वाट्याला सामने जेमतेम डझनभर, त्यामुळे सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. मग अंतिम सामन्याला कोण जाणार, हे मतं आणि आकडेमोड करून ठरवायचं. साडू तिथं मैदानातल्या बाकांवरचा बर्फ पुसायचं काम करायचे. खेळ त्यांना कळतही नव्हता. पण एका वर्षी त्यांचं कॉलेज एकही सामना हरलं नाही, आणि तरी अंतिम सामना दुसरीच दोन बडी कॉलेजं खेळली. बातमी आली त्या दिवशी साडू बाक पुसत होते. एक धिप्पाड पोरगा हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. तो त्यांना म्हणाला, "आम्ही आणखी काय करायला हवं होतं?"

"मला उत्तर देता आलं नाही," साडू सांगायचे. "अजून सापडलं नाहीये."

त्या पोरानं पुढे काय केलं कोण जाणे. साडूंनी मात्र आयुष्यभर ते सामने पाहिले. अमेरिकेतली शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची रविवारची सकाळ, त्यामुळे रविवारी सकाळी त्यांच्याकडे पोहे खायला जाणाऱ्यानं काही गोष्टी गृहीत धरायच्या असत. लॅपटॉपचा आवाज बंद असेल, कारण समालोचक बड्या कॉलेजांची थुंकी झेलतात. सामना लहान कॉलेज विरुद्ध मोठं कॉलेज असाच असेल. आणि लहान कॉलेज जिंकायला लागलं, की यजमान उभे राहतील आणि शेवटपर्यंत बसणार नाहीत. त्यांच्याकडे पहिल्यांदा आलेले एक पाहुणे यजमान उभे म्हणून स्वतःही उभे राहिले आणि पोह्यांची बशी हातात धरून पूर्ण उत्तरार्ध उभ्यानं पाहिला. जाताना त्यांनी माझ्या मेव्हणीला हळूच विचारलं, "कुणी गेलं का?"

अमेरिकेनं शेवटी दोन संघांऐवजी चार संघांची बाद फेरी सुरू केली, त्या वर्षी साडूंनी लिटल इंडियातून पेढे आणून वाटले. प्रत्येकाला अर्धा. "मी आठ मागितले होते, त्यांनी चार दिले," ते गंभीरपणे म्हणाले. "उरलेला अर्धा आठ होतील तेव्हा." त्यांची स्वतःची योजना पूर्ण तयार होती. प्रत्येक विभागाचा विजेता हक्कानं आत, कुणाच्या मताची भीक नको. बड्या कॉलेजांनी चांगली पोरं बाकावर बसवून ठेवायची नाहीत: "हे म्हणजे जिलब्या खायच्या नाहीत आणि ताटाखाली दडवून ठेवायच्या!" आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिली फेरी लहान संघाच्या मैदानावर. "मोठ्यानं लहानाच्या अंगणात जावं, धाकटे. जावई कितीही बडा असला तरी अधिक महिन्यात जेवायला त्यालाच सासरी जावं लागतं की नाही?"

घरातल्यांना या योजनांचा जाच होई. एकदा आम्ही सगळे ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरवर, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉलांवर जेवायला गेलो, तर साडूंनी कुठल्या स्टॉलवर खायचं यासाठी बाद फेरी मांडली. काडीवर भाजलेलं साते विरुद्ध नारळाच्या रश्शातला लाक्सा, नूडल्स विरुद्ध पराठ्यासारखा रोटी प्राटा. प्रत्येक फेरीत हात वर करून मतदान, आणि रांग लांब असलेल्या स्टॉलला एक मत वजा, कारण त्याला आधीच प्रसिद्धीचा फायदा मिळालेला. त्यांची मुलगी भुकेनं कळवळून इथल्या हेलात म्हणाली, "बाबा, जस्ट ऑर्डर लाह!" साडू म्हणाले, "बाळा, घाई करणाऱ्यांनीच वाटोळं केलंय." लाक्सा अंतिम फेरीत जिंकला तेव्हा लाक्सावाल्या बाई भांडी धूत होत्या. आम्ही टोस्ट खाऊन घरी आलो. वाटेत साडू समाधानानं म्हणाले, "पण योग्य स्टॉल जिंकला."

आता माझ्या अन्यायाकडे येतो. आमच्या मराठी मंडळाची लगोरीची स्पर्धा असते. हसू नका, मोठमोठे बँकवाले आणि आयटीवाले सात ठिकऱ्यांचा ढीग फोडायला आणि चेंडू पाठीत बसायच्या आत तो पुन्हा रचायला वर्षभर वाट पाहतात. वस्तीवार संघ, बायका-पुरुष-मुलं एकत्र. कोर्ट मोजक्याच रविवारी मिळतं, त्यामुळे सगळे सगळ्यांशी खेळू शकत नाहीत, आणि शेवटी वार्षिक संमेलनाच्या दिवशी कोण खेळणार हे समिती ठरवते. साडूंच्या ध्यानात हे साम्य आलं त्या दिवसापासून मंडळाला स्वास्थ्य उरलं नाही. अनेक वर्षं त्यांनी प्रत्येक सभेत हात वर केला. अखेर मंडळानं दोनाऐवजी चार संघ खेळवायचं कबूल केलं आणि निवडीसाठी तिघांची समिती नेमली: आमचे अध्यक्ष, कार्यक्रम बघणाऱ्या एक बाई, आणि मी. मी अकाउंटंट आहे आणि माझं तोंड सतत काहीतरी कबूल करायला आल्यासारखं असतं, त्यामुळे लोक मला प्रामाणिक समजतात.

साडूंचा क्लेमेंटीचा संघ म्हणजे विद्यापीठातली पोरं. दरवर्षी निम्मी निघून जात, म्हणून तो संघ दरवर्षी हरे. त्या वर्षी मात्र एक नागपूरची मुलगी त्यांची कर्णधार होती. ती पीएचडी संपवत होती, वर्षअखेरीस जर्मनीला जाणार होती, आणि तिचा नेम असा होता की पहिल्याच चेंडूला ढीग फुटायचा. माझी मेव्हणी गुडघ्याला पट्टा बांधून ठिकऱ्या रचायची. साडू कडेला उभे. म्हणजे उभेच, पहिल्या सामन्यापासून. क्लेमेंटी एकही सामना हरलं नाही. साडूंच्या आयुष्यात हे दुसऱ्यांदा घडत होतं, आणि या वेळी बाद फेरी त्यांनी स्वतः मागून घेतलेली होती.

तीन जागा सहज ठरल्या. चौथीसाठी दोन नावं उरली, क्लेमेंटी आणि क्वीन्सटाउन. क्वीन्सटाउन एक सामना हरलं होतं, पण आमच्या बलाढ्य ईस्ट कोस्टकडून.

"क्लेमेंटीनं हरवलं कुणाला?" अध्यक्ष म्हणाले. "निम्मी लहान मुलं होती समोर. क्वीन्सटाउन घ्या."

"अहो, पण हरले नाहीत ना ते!" बाई म्हणाल्या. "जे समोर आले त्यांना हरवलं. आणखी काय करणार?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्ष हसून म्हणाले, "तुमचे साडूच ना ते?"

एवढंच. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मला लख्ख दिसलं, की मी क्लेमेंटी म्हटलं तर उद्या सगळं मंडळ म्हणणार, साडूनं साडूला घेतलं. क्लेमेंटीचाच हक्क आहे हे मला पुरतं ठाऊक होतं. मी म्हणालो, "क्वीन्सटाउन." माणूस निःपक्षपाती दिसण्याच्या नादात किती लांब जाऊ शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

कोर्टावर नावं वाचून दाखवली तेव्हा क्लेमेंटीची पोरं पुढच्या नावाची वाट पाहत उभीच राहिली. पुढचं नाव नव्हतं. ती नागपूरची मुलगी माझ्याजवळ आली. भांडायला नव्हे, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "काका, आम्ही आणखी काय करायला हवं होतं?" मी बुटांकडे पाहिलं. साडू मागेच होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. मग, स्पर्धा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, ते कडेच्या बाकावर बसले.

पुढच्या रविवारी ते आमच्याकडे आले. एरवी त्यांच्या सामन्यांची वेळ, तरी आले. हातात भोपळ्याच्या घारग्यांचा डबा.

"निर्णय दोन विरुद्ध एक झाला म्हणे," ते म्हणाले. "तो एक कोण, ते मला कुणी सांगायला नको. तुम्ही एकटे उभे राहिलात, धाकटे. तुमच्या ताईनं घारगे दिलेत."

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "चहा घेणार ना, भाऊजी?"

त्यानंतर त्यांनी माझी कीर्ती बेटभर पसरवली. गणपतीत, डोहाळजेवणात, एमआरटीच्या फलाटावर ते अनोळखी माणसांना माझी ओळख करून देत: "हे आमचे धाकटे. नात्याला नव्हे, न्यायाला मत देणारे." बिचारे अध्यक्ष समोर असले तरी काही बोलत नसत, मतं गुप्त ठेवायची असं ठरलं होतं, आणि पाळलं फक्त त्यांनीच. मला घारगे गिळेनात. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाऊन सांगून ये. नाहीतर जन्मभर ताईच्या हातचं खाताना असंच तोंड करशील. आणि फोनवर नाही सांगायचं."

फोनवर सांगायचं माझ्याही मनात नव्हतं. मोठ्यानं लहानाच्या अंगणात जावं, हे मी इतकी वर्षं ऐकत आलो होतो, आणि निवड करणारा म्हणून या वेळी मोठा मीच होतो. त्या रविवारी जर्मनीला निघालेल्या त्या मुलीचा निरोपसमारंभ होता. क्लेमेंटीची पोरं साडूंच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत शेवटची लगोरी खेळणार होती. मी बसनं, मग एमआरटीनं निघालो. गाडीचा डबा रिकामा होता. मी उभाच राहिलो.

पोचलो तेव्हा साडू खांबाजवळ उकिडवे बसून ठिकऱ्या रचत होते आणि ती मुलगी चेंडू झेलत शेजारी उभी होती. "अरे, धाकटे आले! हे बघ, हेच ते, तुमच्यासाठी एकटे—"

"भाऊजी, तो एक मी नव्हतो. ते एक मत बाईंचं होतं. मी क्वीन्सटाउनला मत दिलं."

मुलीनं चेंडू झेलायचं थांबवलं. साडूंनी डोळे मिटले. हातातली ठिकरी ते ढिगावर ठेवायला गेले, ती घसरली, त्यांनी पुन्हा उचलली.

"समितीत नात्यातला माणूस घ्यायलाच नको होता," अखेर ते म्हणाले. "तिथं चुकलं. पाच जण हवे होते, आणि आठ संघ. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हो. माणसं वाईट नसतात, पद्धत—"

सुटका त्यांनी माझ्या हातात ठेवली होती. दुसऱ्या कुणी दिली असती तर मी ती घेऊन मुकाट घरी गेलो असतो. पण हा माणूस स्वतःच्या आयुष्यभराच्या श्रद्धेतून एक तुकडा मोडून मला झाकायला देत होता.

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. मुलीलाही बस म्हणालो.

"पद्धत तुमची चांगली होती, भाऊजी. आणि तुम्ही पोरांनी आणखी काहीच करायला नको होतं. तू विचारलंस तेव्हाही मला हे माहीत होतं, बाळ. तुम्ही सगळं केलं होतं. मी लोकांना भ्यालो. चूक माझी आहे. मला माफ करा."