मास्तरांच्या पावलातले ठोके

वॉर्डात तिला सगळे मोठी सिस्टर म्हणत. वयाने मोठी, आवाजाने त्याहून. तीस वर्षं म्हाताऱ्यांची दुखणी काढलेली ही बाई कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. पण खिडकीजवळच्या शिंपी मास्तरांच्या डाव्या पायाने तिची मती गुंग केली होती.

गादीवर ठेवला की पायात कळ येई, पलंगाखाली सोडला की बरं वाटे. खाली सोडलेला पाय चांगला लाल दिसे. म्हणजे रक्त पोचतंय, असं ती धरून चालली होती. मग तोच पाय उशीवर घेतला की पांढराफटक का पडावा? आणि उजव्यापेक्षा इतका गार का?

"काहीतरी एक ठरवा हो मास्तर," ती वैतागून म्हणे.

"कापू नका म्हणजे झालं," मास्तर म्हणत. "मशीन त्याच पायावर चालतं माझं."

तिला त्यांचं वाईट वाटे. पण पावलावर बोटं घट्ट दाबली की ठोके लागत, आणि तीन दिवस तिने कागदावर तसंच लिहिलं होतं: ठोके आहेत.

चौथ्या दिवशी सकाळी तिच्या लेकीच्या वयाची नवी डॉक्टर आली. बराच वेळ पाऊल चाचपून म्हणाली, "सिस्टर, मला काहीच लागत नाही."

"मला लागतात की." मोठ्या सिस्टरने फणकाऱ्याने बोटं दाबली. "हे बघा."

"दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरा."

तिने धरलं. मनगट संथ चाललं होतं, पाऊल भरभर. एकाच माणसाच्या दोन चाली कशा? तिने पुन्हा मोजलं. डोकं चालेना. मग मनगट सोडून तिने हात स्वतःच्या गळ्याशी नेला. गळा आणि पाऊल बरोबर जुळलं.

तिने बोटं सैल केली. पाऊल गप्प होतं. खाली सोडल्यावरची लाली म्हणजे नुसतं उताराने येऊन साचलेलं रक्त होतं.

डॉक्टर घाईघाईने सर्जनना फोन करायला गेली. मोठी सिस्टर पलंगाच्या कडेवर बसली. तिला शरमेने बोलवत नव्हतं, पण ती बोलली.

"मास्तर, ते ठोके माझ्या बोटांचे होते. तुमचे नव्हते."

मास्तरांनी गोंधळून पायाकडे बघितलं.

"मग माझे कधी थांबले?"