जिभेवरचा दगड

आमच्या बाई हातात आलेला दगड आधी जिभेला लावत. चव घेतल्यासारखा नाही. पोस्टाचं तिकीट ओलं करावं तसा, एकदाच, पटकन. मग चष्मा कपाळावर सरकवून दगड डोळ्यांपासून चार बोटांवर धरत. लग्नाच्या बोलणीसाठी मी त्यांच्या भोरच्या घरी गेलो, तेव्हा पोह्यांच्या बशीशेजारी असाच एक दगड होता. बोलता बोलता त्यांनी तो उचलला, जिभेला लावला, उजेडात पाहिला आणि मला विचारलं, "नोकरी कायम आहे ना?" बायकोनं नंतर सांगितलं की मी हसलो नाही, म्हणून मी पसंत पडलो. खरं तर मी घाबरलो होतो.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या शाळेत भूगोल शिकवत. निवृत्त झाल्यावरही सगळं गाव त्यांना बाईच म्हणे, आणि घरात लेक-जावईसुद्धा. मला त्या 'जावईबापू' म्हणत, पण त्यात मान थोडा आणि हुकूम जास्त असे. "जावईबापू, टेप आणा." मी दूधसंस्थेत हिशेब पाहतो. मोजलेलं तेवढंच सांगायचं, अंदाजानं बोलायचं नाही, ही माझी खोड घरात कुणाला फारशी आवडत नाही. बाईंना माझ्यातली तेवढीच गोष्ट आवडे. त्यामुळे किकवीहून माझी मोटारसायकल सुट्टीच्या दिवशी भोरला जाई, आणि तिथून बाईंना मागे बसवून एखाद्या माळावर.

त्यांच्या खिडकीत दगड ओळीनं मांडलेले असत. आदिमानवाची हत्यारं ओळखायची तर आधी त्यानं कोणता दगड निवडला ते ओळखा, असं त्यांचं म्हणणं. "आपल्याकडे सगळा काळाच दगड. पण काळ्याकाळ्यांत फरक असतो," त्या म्हणत. एक घट्ट, बारीक कणांचा. हातोडीनं ठोकला की खणखणे. त्याला धार येते. दुसरा भोकाभोकांचा, ठोकला की नुसता भुगा. आणि त्याच कातळाच्या पोकळ्यांत तयार झालेला तिसरा, दुधी काचेसारखा, ज्याच्या कडेतून नखातून जावा तसा उजेड जातो. त्याची नखाएवढी पाती त्यांना भाटघर धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की काठावर सापडत. शेजारचे एक गृहस्थ धारदार काळा तुकडा घेऊन आले होते. "बाई, लाखभर वर्षांचा असंल की!" बाईंनी तो जिभेला लावला. "दगड त्याहून जुना आहे. धार मात्र परवाची. खडीच्या मशीनमधून निघालाय." ते पुष्कळ दिवस रागावले होते.

त्यांचा एक नियम कडक होता. सापडलेली वस्तू शक्यतो जागेवरून हलवायची नाही. तिच्यावर बाटलीतलं थोडं पाणी ओतायचं, म्हणजे कण नीट दिसतात. फोटो काढायचा, मी अंतर मोजायचं, आणि ती तिथंच ठेवून यायचं. ही पद्धत मला इतकी पटलेली होती की तिच्यात काही खोट असेल असं मला कधी वाटलं नाही. त्यांनाही नाही.

मार्गासनीच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथं गाडीरस्ता नव्हता. एका थंडीत आम्ही तिथल्या उतारावर सकाळी लवकर पोचलो. गवतावर, दगडांवर दव होतं. वरच्या सपाटीवर बाईंना दुधी दगडाची पाती मिळाली, अगदी खरी. आणि खाली उतारावर, एकाच ठिकाणी, काळ्या घट्ट दगडाच्या छिलक्यांचा, म्हणजे घाव घालताना उडालेल्या कपच्यांचा, थर पसरलेला. बाईंचा आवाज बदलला. "जावईबापू, हा कारखाना आहे. इथं बसून हत्यारं घडवलीत." अशी जागा सापडावी म्हणून त्या आयुष्यभर हिंडल्या होत्या. अडचण एवढीच की त्याच उतारावर चुन्याची रेघ मारलेली होती. वाडीचा रस्ता तिथूनच जाणार होता. बाईंनी त्याच आठवड्यात वेल्ह्याच्या कचेरीत हरकतीचा अर्ज दिला. काम थांबलं. जेसीबी परत गेला.

उन्हाळ्यात कचेरीतून निरोप आला की तपासणीला माणसं येणार आहेत, त्याआधी जागा एकदा पाहून ठेवा. आम्ही गेलो तेव्हा दुपार झाली होती. वाडीतली पंधरा-वीस माणसं उतारावर उभी होती. मी मोजली नाहीत. मोजायची हिंमत नव्हती. पुढं बबनराव, ज्यांच्या घरापर्यंत तो रस्ता जायचा होता. आपल्याकडे डोंगरातल्या कुठल्याही दारात आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो, मग बोलणं. त्या दिवशी तांब्या आला नाही. आमची बाटली वाटेतच संपली होती.

"या बाई," बबनराव म्हणाले. "बगा तुमचं दगड. आमी बी बगतो, तुमी काय बगता ते."

मागून एक तरुण म्हणाला, "दगडाला डाग्दर गावतो, मानसाला न्हाई."

"तू गप रं," बबनराव म्हणाले, पण आवाजात त्याला गप्प करण्याचा इरादा नव्हता. मग बाईंकडे वळून, "बाई, माझी सून सातव्या म्हैन्यात हाये. मागल्या पावसात पयल्या खेपेला तिला झोळीतनं खाली न्हेत हुतो. लेकरू वाटंतच गेलं. ह्या सालाला पावसाच्या आत रस्ता झाला न्हाई, तर काय करायचं, तेवढं सांगून जावा. मग तुमचा कारखाना सोन्याचा असू द्या."

हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा दगडासारखा, हे म्हणणं सोपं आहे, पण तसा तो नव्हता. ओठ हलत होते. "बघते," एवढंच त्या म्हणाल्या आणि उतारावर बसल्या.

त्यांनी एक छिलका उचलला आणि सवयीनं जिभेला लावला. तोंडाला कोरड पडली होती. दगड ओला होईना. त्यांनी दुसऱ्यांदा लावला. मग तसाच कोरडा डोळ्यांपुढे धरला आणि बराच वेळ धरून राहिल्या. मला आधी वाटलं, उन्हानं चक्कर येतेय. माणसं पुढे सरकत होती. कुणीतरी पायानं दगड ढकलला, तो गडगडत माझ्या बुटाला लागला.

"जावईबापू, वरच्या सपाटीवरून एक काळा दगड आणा. कसलाही. पडून जुना झालेला."

मी पळत जाऊन आणला. त्यांनी दोन्ही शेजारी धरले. वरचा दगड राखट तपकिरी, सगळ्या अंगांनी. पावसापाण्यानं त्याला साल आलेली. खालचा छिलका एका बाजूनं तसाच, पण फुटलेली बाजू काळीभोर, कडांवर घावाचे पांढरे ठिपके. दोन्ही ओले असते तर सारखेच काळे दिसले असते. दवात दिसले होते. बाटलीतल्या पाण्याखाली दिसले होते. फोटोतही तसेच आले होते.

बाईंनी आणखी छिलके उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. घाई केली नाही. मग विचारलं, "बबनराव, इथं कुणी दगड घडवत होतं का? पाथरवट वगैरे?"

उत्तर त्यांच्या आईनं दिलं. म्हातारी काठीवर वाकून उभी होती. "हितंच तर भैरोबाच्या देवळाचं दगड घडवलं. म्या लगीन करून आले तवा दीसभर ठोकाठोक चालायची."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत, आजी?"

"कुनी इचारलं? तुमी आलात, पाणी वतलं, फोटू काढलं, गेलात."

बाई उठल्या, गुडघ्याला हात देऊन. मी मनात म्हणत होतो, आता घरी जाऊ, मग सावकाश ठरवू. त्या तिथंच बोलल्या. "वर सपाटीवर आहे ते खरंच जुनं आहे. तिथं नांगर घालू नका. इथं खाली जे मी जुनं म्हणाले ते जुनं नाही. माझी ओळख चुकली. तुमचे पाच महिने माझ्यामुळे गेले."

बबनराव बाजूला झाले. वाट मोकळी झाली, एवढंच.

त्याच दिवशी कचेरी बंद व्हायच्या आत आम्ही वेल्ह्याला पोचलो. कारकून चांगला माणूस होता. म्हणाला, "बाई, 'हरकत नाही' एवढंच लिहा. चुकलं-बिकलं कशाला लिहिता?" बाईंनी पेन थांबवलं नाही. "हरकत का घेतली आणि का सोडली, दोन्ही लिहायला नको? नाहीतर पुढच्याला वाटायचं, मला कुणी धमकावलं." त्यांनी लिहिलं की दगड ओले असताना पाहिले, त्यामुळे ताजी फूट आणि जुनी फूट यांतला फरक दिसला नाही. खाली सही केली, आणि सहीखाली 'निवृत्त शिक्षिका' हेही लिहिलं. चुकीच्या कबुलीखाली मला ते नको होतं.

जेसीबी आला, पण उशिरा. खडी पडायच्या आत ढग आले. पुढचे आठवडे बाई आमच्याकडे किकवीला राहिल्या, आणि एकाही दगडाला त्यांनी हात लावला नाही. मोबाईल वाजला की आधी माझ्या बायकोकडे देत. एका पावसाळी पहाटे बबनरावांचा फोन आला. बायकोनं ऐकला आणि आईच्या कानाला लावला. मला एवढंच ऐकू आलं, "बाई, पोरगी झाली. जीप चिखलात दोनदा रुतली, पर दारातनं निघाली." बाईंनी फोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली. ती घासलेलीच होती.

बारशाचं बोलावणं आलं. त्या दिवशी उघडीप होती. नव्या रस्त्याच्या पायथ्याशी बाई म्हणाल्या, "उतरा. चालत जाऊ." डोंगर कापल्यानं एका बाजूला मातीची उभी भिंत झाली होती. पावसानं तिची माती धुतली होती. वरती पाथरवटांच्या छिलक्यांचा पातळ थर, त्याखाली लाल माती, आणि तिच्याही खाली, कमरेएवढ्या खोलीवर, गोट्यांचा थर. बाई तिथं थांबल्या. गोट्यांतून हाताएवढा एक दगड अर्धा बाहेर आला होता. बदामासारखा, दोन्ही अंगांनी छिलून टोक काढलेलं. त्यांनी पदरानं तो जागेवरच पुसला आणि उन्हात वाळेपर्यंत उभ्या राहिल्या. प्रत्येक घावाच्या खळग्यात तपकिरी साल होती. कुठंही काळी फूट नव्हती.

"हातकुऱ्हाड," त्या म्हणाल्या. "ती इथं होतीच. मी वर बघत होते."

मी मागे-पुढे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. "बाई, पुन्हा कळवलंत तर काम थांबेल. अजून खडी पडायची आहे. मातीनं झाकून टाकू." हे मी म्हणालो आणि अजूनही मला ते फारसं वाईट वाटत नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती जीप होती.

बाई चालू लागल्या. वाडीत पोचल्यावर पाळण्यात बाळ घालेपर्यंत थांबल्या, गाणं म्हणून झालं, बाळाच्या हातात रुपया ठेवला. मग बबनरावांना अंगणात बाजूला घेतलं.

"तुमच्या रस्त्याच्या कडेला जुनं हत्यार निघालंय. या खेपेला खरं आहे. मला कळवावं लागेल. पण तुम्हाला न सांगता कळवणार नाही."

बबनरावांनी टोपी काढली. "म्हंजे रस्ता पुन्यांदा बंद?"

"रस्ता बंद करा, असं मी लिहिणार नाही. वस्तू निघाली, एवढं लिहीन. पुढं ते काय करतील, मला सांगता येत नाही. खोटा धीर देत नाही."

आतून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. बबनराव रस्त्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस आम्हाला हाकलून देईल, आणि दिलं तर त्याचं चुकणार नाही.

"लिवा," ते शेवटी म्हणाले. "पर ह्या टायमाला म्या बी येतो कचेरीत. तुमी दगडाचं सांगा, म्या मानसाचं सांगतो."

दोघं गेले. मी मोटारसायकल मार्गासनीच्या फाट्यावर लावून त्यांच्याबरोबर एसटीत बसलो. तपासणी झाली, भिंतीचा तेवढा भाग राखला, आणि खडी दुसऱ्या अंगानं पडली. हे सगळं सरळ झालं नाही. चकरा पुष्कळ झाल्या, आणि दोघं एकमेकांवर ओरडलेही. एकदा तर कचेरीच्या पायऱ्यांवर. "बाई, तुमचा आदिमानव परवडला, तुमी न्हाई!" असं बबनराव सगळ्यांसमोर म्हणाले, आणि बाई इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं.

बाई गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. खिडकीतले दगड बायको पुसते आणि पुन्हा त्याच ओळीत ठेवते. मला ते ओळखता येतात असं मी कुणाला सांगत नाही, कारण येत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात बबनरावांचा फोन आला. त्यांच्या विहिरीचं खोदकाम चालू होतं. "जावईबापू, एक दगड लागलाय. सगळ्या अंगानं साल हाये. काम थांबवलंय. येता का?"

मी म्हणालो, "बबनराव, मी फक्त मोजतो. मला दगडातलं कळत नाही."

"मंग ज्याला कळतं त्याला घिऊन या," ते म्हणाले. "तवर हलवत न्हाई. पर बिगी या, पाणी अजून लागायचंय."