ताकातला चुना

आमच्या गावात होर्पिनासारखं घर कुणी चुन्याने रंगवत नसे आणि तिच्याइतकं तोंडही कुणी वाजवत नसे. भिंतीला एक बोट उमटलं तरी ती सात पिढ्यांचा उद्धार करी. चुन्यात ती ताक घाली. त्यामुळे तिची भिंत पावसाला दाद देत नसे, आणि आमच्या भिंती चैत्राआधीच रडवेल्या होत. हे ती दर वर्षी ऐकवायची.

युद्धातल्या त्या माघात आमच्या लाल सैन्याने जर्मनांना पलीकडच्या गावांत कोंडलं होतं. ते बाहेर पडायला धडपडत होते, आमचे रणगाडे त्यांना मागे रेटत होते. त्यातल्या एका रणगाड्याची चार पोरं होर्पिनाच्या घरी उतरली. चालक होता झाखार, कुठून तरी उरलकडचा, बोलायला तिखट.

सगळीकडे बर्फ होता. रणगाडे पांढरे करा, असा हुकूम आला. गावातल्या बायकांनी बादल्या उचलल्या. आम्ही नुसता चुना कालवला. होर्पिनाने जर्मनांपासून तळघरात लपवलेली बकरी होती, तिच्या दुधाचं ताक तिने चुन्यात ओतलं.

झाखार म्हणाला, "मावशी, ते आम्हाला प्यायला दे की! लोखंडाला कशाला पाजतेस?"

"गप रे मेल्या. माझ्या हातचं काम धुऊन जात नाही. तुझ्या आईने तुला असं न्हाऊ घातलं असतं तर तू माणसात आला असतास."

पोरं हसली. दोन दिवस तो रणगाडा तिच्या अंगणात नवरीसारखा उभा होता.

मग वारा फिरला. पाऊस लागला, बर्फ वितळला आणि आमची काळी माती उघडी पडली. बाकीच्यांचा चुना ओघळून गेला, त्यांचे रणगाडे चिखलाच्या रंगाचे झाले. होर्पिनाचा मात्र तसाच राहिला, कोसभरावरून डोळ्यांत भरेल इतका पांढरा.

झाखारने चिंध्या डिझेलमध्ये बुडवून घासलं. काही हललं नाही. होर्पिना गोठ्यात गेली, माती आणि भुसा कालवून आणला आणि हातांनी रणगाडा लिंपायला लागली. मी शेजारीण, मीही लागले. खालचा भाग झाला, बाजू झाल्या. तेवढ्यात निघण्याचा हुकूम आला.

"मावशी, उतर."

"घुमट राहिलाय."

"उतर म्हणतो ना!"

त्याने तिला बगलेत धरून खाली ठेवलं. वरचा तोफेचा घुमट पांढराच राहिला आणि रणगाडा नाल्याकडे गेला.

संध्याकाळी झाखार एकटा परत आला. डावी बाही रक्ताने भिजलेली होती. होर्पिनाने पहिल्यांदा विचारलं ते एकच, "गोळा कुठे बसला?"

"खाली, चाकांच्या पट्ट्यावर. चुन्याचा काही संबंध नाही, मावशी. तिघांना बाहेर पडता आलं नाही."

त्याला दवाखान्याच्या गाडीत घालून नेलं. वसंतात आम्ही नाल्यापलीकडे जळण शोधायला गेलो. रणगाडा तिथेच होता. भोक घुमटात होतं, आणि भोवती अजून चुना होता. होर्पिनाने ते पाहिलं, मग मोळी उचलून चालू लागली. मला तिची फार कीव आली. त्यानंतर तिचं तोंड वाजेनासं झालं.

पानगळीत झाखार दवाखान्यातून सुटून आला. डावा हात कोपरापासून नव्हता. त्याचं गाव पूर्वेला, आमचं पश्चिमेला. तरी तो वाकडी वाट करून आला होता. होर्पिनाने त्याच्यापुढे बीटाचं सार ठेवलं. चमचा उचलायच्या आधीच तो म्हणाला, "पट्ट्यावरच बसला होता, मावशी. मी डोळ्यांनी पाहिलं."

"पट्ट्यावर ना? मग सुटले रे बाबा. आता झोप लागेल मला."

तो पोटभर जेवला. जाताना त्याचा चेहरा उजळला होता.

तो वळणाआड गेल्यावर मी म्हटलं, "अगं, भोक तर तू पाहिलंस."

"पाहिलं. पण पोरगं एवढ्या लांबून हेच सांगायला आलं होतं. त्याला तसंच परत पाठवू?"