बाजारच्या दिवसाची सुई

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही, त्याची माफी असावी. बोलायची लाज वाटते म्हणून लिहिते.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली आम्ही परतूरला राहत होतो. हे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. तेव्हा आमच्याकडे कुठल्याही दुखण्याला सुईच लागायची. नुसती गोळी देणाऱ्याकडे माणसं परत जात नसत. बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन एक सुईवाला यायचा. सासूबाईंनी ह्यांना त्याच्याकडे नेलं. त्यानं ताकदीची सुई सुरू केली, दर बाजाराला एक. त्या औषधाची एक रिकामी डबी मी मागून घेतली आणि तिच्यात सुट्टे पैसे ठेवू लागले.

ह्यांच्या तोंडावर पुटकुळ्या आल्या तर सासूबाई म्हणाल्या, रक्त वाढलं. पण ह्यांना चैन पडेना. माझ्यामागे सारखा तोच हट्ट. मी नको म्हटलं की रागानं बाहेर जायचे, आणि पुढे पैसे देऊन बायांकडे जाऊ लागले. घरावर पत्रे टाकायचे म्हणून माझ्या भावाकडून पैसे आणले होते, तेही तिकडेच गेले. परत आले की भिंतीकडे तोंड करून बसायचे. एकदा म्हणाले, "मी काय करून राह्यलो, मलाच कळंना."

भावाला समजलं तसा तो बदनापूरहून आला. "बाई, चल घरी. असला माणूस सुधरत न्हाई." मी म्हटलं, जालन्याला एक डॉक्टरीणबाई आहेत, आधी त्यांना दाखवू, मग तू म्हणशील तसं. हा माणूसच असा आहे का त्याला काही झालंय, एवढंच मला कळायला हवं होतं.

जालन्यात मस्तगडला त्यांचा दवाखाना. हे आणि भाऊ बाहेर बाकावर, एकमेकांकडे पाठ करून. मूल होत नाही, एवढंच मी सांगितलं. फी द्यायला डबी उपडी केली, तर बाईंनी पैसे सोडून डबीच उचलली आणि वरचं औषधाचं नाव वाचलं. ही सुई कोण घेतं, विचारलं. मग मी सगळं सांगितलं.

त्यांनी ह्यांना आत बोलावलं आणि समजावलं. पुरुषाच्या अंगात एक रस असतो, त्याला हार्मोन म्हणतात, तोच ही सुई बाहेरून भरत होती. त्यानं वासना भडकते आणि मूल होणं उलट अडतं. बाईच्याही अंगात तिचे रस असतात, तिलाही इच्छा होते, त्यात पाप नाही, असं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी पदर तोंडाला लावला.

हे म्हणाले, "म्हंजे समदं सुईनंच केलं?"

"आग सुईनं लावली. पाय तुमचेच चालत गेले. सुई आजपासून बंद, पाय तुम्ही थांबवायचे."

बायांकडून काही रोग आला का म्हणून आमचं दोघांचं रक्त तपासलं. रोग नव्हता.

स्टेशनवर भावानं विचारलं, तिकीट बदनापूरचं काढू का परतूरचं. मी परतूरचं म्हटलं. त्यानं परतूरची दोन काढली, आपलं बदनापूरचं.

ह्यांची ती सवय सुटायला वेळ लागला. मधे एकदा पाय घसरलाही, पण ते ह्यांनीच येऊन सांगितलं. पगाराच्या दिवशी मी जिनिंगच्या फाटकाशी उभी राहायची. गडी म्हणायचे, "आली बघा मालकीण वसुलीला." हेही हसायचे आणि सगळा पगार माझ्या हातात द्यायचे. बरेच दिवस आम्ही वेगळे निजलो. मग एके दिवशी मीच त्यांचा हात धरला. त्यांनी आधी विचारलं, "तुझ्या मनात हाय ना?" असं त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं.

दर पगारातले थोडे भावासाठी बाजूला पडत. मूल तोवर झालं नव्हतं. कापसाचा हंगाम संपला तेव्हा आम्ही बदनापूरला गेलो. ह्यांनी पैसे स्वतः भावाच्या हातात दिले. भावानं मोजले.

"बराबर हाय," तो म्हणाला. "बसा दाजी, जेवून जा."